सूट नेमकी कुणाच्या खिशातून?

आमच्या घरात काही मोठं घ्यायचं असलं की मला पुढे करतात. जव्हारात माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, आणि दुकानदाराला दुकानदाराची भाषा कळते असा घरच्यांचा समज आहे. तो अर्धाच खरा. पत्र्याचा भाव मला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही माहीत असतो. गाडीचा खरा भाव मात्र फक्त टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला माहीत असतो. डिसेंबर २०२४ मध्ये भाच्याची गाडी बुक करताना जे कळलं ते इथे लिहून ठेवतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि त्यातून एक प्रश्न उरला आहे, तोही लिहितो.

भाचा मोखाड्याचा. बारावीनंतर काही वर्षं जव्हार-मोखाडा लाइनवर काळी-पिवळी जीप चालवली, मग नाशिकला एका कंपनीत लागला. त्याला स्पोर्ट्स कार हवी होती, आणि तीही गिअरची. स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी डोळ्यांसमोर येते. तसली गाडी आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात पोट घासून घेईल. आपल्या आवाक्यातली स्पोर्ट्स कार म्हणजे छोट्या गाडीला टर्बो इंजिन, कडक सस्पेन्शन आणि बॉनेटवर पट्टे. जून २०२४ मध्ये आलेली टाटाची अल्ट्रोझ रेसर हे तिचं चांगलं उदाहरण. १२० पीएसचं इंजिन, सहा गिअर, ऑटोमॅटिक नाहीच, आणि २०२४ मध्ये आली तेव्हाची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ४९ हजार होती. भाच्यानं कुठल्या कंपनीची घेतली ते मी सांगणार नाही, कारण पुढे शोरूमबद्दल लिहायचं आहे, आणि शोरूम सगळ्या कंपन्यांची थोड्याफार फरकानं सारखीच असतात.

गिअरचीच का, असं त्याच्या अम्मीनं विचारलं. शेजारच्यांनी ऑटोमॅटिक घेतली होती. तो म्हणाला, "अम्मी, तोरंगणचा घाट उतरताना गाडी कुणाच्या हातात असावी, माझ्या की तिच्या?" ज्यानं चौदा माणसं भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, ब्रेकवर पाय न दाबता घाट उतरवला आहे, त्याच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आता भावाचं. शोरूममध्ये कोटेशन मिळतं त्यावर एकच मोठा आकडा दाखवतात, 'ऑन-रोड'. तो फोडून घ्यावा. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, त्यात जीएसटी धरलेला असतो. मग आरटीओचा कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यावर वीस लाखांपर्यंत १२ टक्के. यात एक रुपया कमी होत नाही. गाडी दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस घेतात. तो खर्च नाही, आयकराचं विवरणपत्र भरताना परत मागता येतो. आमच्या भागात बरेच जण तो सोडून देतात. मग विमा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे ठरवायचा हक्क आपला. शोरूमनं दिलेला विमा आणि बाहेरून काढलेला विमा यांत आमच्या बाबतीत चौदा हजारांचा फरक होता. त्यानंतर वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग. आणि शेवटी बारीक अक्षरांत 'हँडलिंग चार्जेस'. हा सरकारचा कर नाही आणि कंपनीच्या किमतीतही नाही. गाडी गोडाऊनमधून आणायचे पैसे, म्हणे. मी विचारलं, "मी गिऱ्हाइकाला सिमेंट विकताना गोणी गोडाऊनमधून दुकानात आणायचे पैसे वेगळे लावतो का?" त्यांनी ती ओळ खोडली.

डिसेंबरात सूट जास्त मिळते हे खरं. जानेवारी उजाडला की उभ्या गाड्या 'गेल्या वर्षीच्या' होतात. गिअरच्या स्पोर्टी गाडीला गिऱ्हाईक आधीच कमी, त्यामुळे ती शोरूमच्या अंगावर जास्त दिवस पडून राहते. उभी असलेली गाडी घेतली तर सूट मोठी; फक्त चासी क्रमांकावरून ती कुठल्या महिन्यात बनली ते विचारून घ्यायचं. पण भाच्याला हवा तो रंग कुठेच उभा नव्हता. गाडी मागवावी लागणार होती आणि मिळणार होती जानेवारीत. इथे मामला उलटतो. बुकिंग फॉर्मवर एक वाक्य छापलेलं असतं की ताबा देतानाच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. आणि जानेवारीपासून किंमती वाढणार असं त्या वेळी कंपन्या एकामागून एक जाहीर करत होत्या. म्हणजे आज चाळीस हजारांची सूट तोंडी कबूल करायची, जानेवारीत किंमत वीस हजारांनी वाढली की निम्मी सूट गेली.

मालच हातात नसताना सौदा करण्याबाबत आपल्या फिकहमध्ये फार जुनी चर्चा आहे. अशा सौद्याला परवानगी आहे, पण मालाचं वर्णन, मुदत आणि किंमत तिन्ही आधी ठरलेलं हवं, म्हणजे पुढे भांडण होणार नाही. मला वाटतं, बुकिंग फॉर्म भरणाऱ्या कुठल्याही धर्माच्या माणसानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आम्ही तिन्ही लिहून घेतलं. रंग आणि मॉडेल, जानेवारीची तारीख, आणि आजची किंमत वजा सूट, मॅनेजरच्या सहीनिशी. आणि एक चौथी गोष्ट, सूट बिलावर दिसली पाहिजे. 'दहा हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज फुकट' ही सूट नव्हे. ते मॅट बाजारात साडेतीन हजारांना मिळतात.

इथपर्यंत सगळं दुकानदारीचं होतं. खरी गाठ पुढे आली.

भाच्यानं पैसे साठवले होते. काही भिशीतून आले, काही त्याच्या अब्बांनी मोखाड्याची जुनी जागा विकून दिले. कर्ज काढायचं नव्हतं. शोरूममध्ये रोख गिऱ्हाईक म्हणजे राजा असेल अशी आमची समजूत. झालं उलटंच. रोखीनं घेणार म्हटल्यावर मॅनेजरचा चेहरा पडला. कर्ज घेतलंत तर आणखी अठरा हजार कमी करतो, म्हणाला. कारण साधं आहे. कर्ज मिळवून दिलं की शोरूमला बँकेकडून कमिशन मिळतं आणि त्यातलाच थोडा भाग सूट म्हणून आपल्याला दाखवतात. मग त्यानं आवाज खाली आणून तोडगाही सांगितला. कर्ज घ्या, तीन हप्ते भरा आणि बंद करून टाका.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. "मामू, तीनच हप्ते."

मी तिथे व्याज हराम आहे असं व्याख्यान दिलं नाही. त्याला ते ठाऊक आहे. मी कागद घेतला आणि हिशोब मांडला. प्रक्रिया शुल्क, तीन महिन्यांचं व्याज, मुदतीआधी फेडीचा दंड, मग बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला विरारच्या आरटीओला खेप. अठरा हजारांतले हातात राहिले चार-साडेचार हजार. "चार हजारांसाठी?" मी विचारलं. तो म्हणाला, "चाळीस हजार असते तर?"

प्रश्न बरोबर होता. हिशोबानं दिलेलं उत्तर हिशोब बदलला की बदलतं. जेवायला बाहेर गेलो तेव्हा मी त्याला आमच्याच भागातली गोष्ट सांगितली. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नगडी असायचा. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले, त्या बदल्यात त्याच्याकडे राबायचं, आणि कर्ज कधी फिटलं हे सावकारच ठरवणार. गोदूताई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये या माणसांबद्दल लिहिलं आहे. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. पण आजही दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली पाड्यांवरची घरं बंद होतात. माणसं उचल घेऊन वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बँकेचं गाडीकर्ज आणि भट्टीवाल्याची उचल एक नाही, एवढं मलाही कळतं. एकाला कायद्याचं संरक्षण आहे, दुसऱ्याला नाही. पण गरजवंताच्या गरजेवर पैसा वाढतो कसा हे ज्याला बघायचं आहे त्याला आमच्या तालुक्यात पुस्तक उघडायची गरज नाही. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नको मामू. चाळीस असते तरी नको."

परत गेलो तेव्हा मॅनेजर जागेवर नव्हता. आम्हाला गाडी दाखवणारा विक्रीचा मुलगा होता. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, फार अदबीनं बोलणारा. कर्ज नको आणि विमाही बाहेरून काढणार असं सांगितल्यावर तो कसनुसा हसला. पत्त्याच्या रकान्यात जव्हार वाचून हळूच म्हणाला, "काका, मी वावरचा."

वावर-वांगणी हे नाव आमच्या वयाच्या माणसाला वेगळं ऐकू येतं. १९९२-९३ मध्ये तिथल्या कुपोषणानं दगावलेल्या मुलांमुळे हे नाव सगळ्या महाराष्ट्रात पोचलं, मंत्र्यांच्या गाड्यांची रांग लागली. त्यानंतर काही वर्षांनी जन्मलेला तिथला मुलगा नाशिकच्या शोरूममध्ये मला टर्बो इंजिन समजावून सांगत होता. त्याचे आईवडील भट्टीवर जात असत. तो आश्रमशाळेत शिकला. बोलता बोलता त्यानं जे सांगितलं ते मला कुठल्याच कोटेशनमध्ये दिसलं नव्हतं. त्याचा पगार थोडा, बाकी सगळं इन्सेन्टिव्हवर. गाडीमागे थोडे, कर्जामागे थोडे, विम्यामागे थोडे, अ‍ॅक्सेसरीजमागे थोडे. "तुमच्या गाडीत मला गाडीचेच मिळतील," तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

मी दुकानदार आहे, मला कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. माझ्या दुकानात मी एकटा, कमी केलेला रुपया माझ्याच गल्ल्यातून जातो. तिथे सूट कुणाच्या खिशातून येते हे टेबलाच्या अलीकडून दिसत नाही. काही कंपनीकडून येते, काही मालकाच्या नफ्यातून, आणि शेवटची ओढून घेतलेली सूट बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या माणसाच्या वाट्यातून.

हजरत जाबिर यांच्या उंटाची गोष्ट लहानपणी मशिदीत ऐकली होती. प्रवासात त्यांचा उंट थकला होता. प्रेषितांनी (स.) तो विकत मागितला. भाव ठरला, आणि मदिनेपर्यंत उंटावर बसून जाण्याची जाबिर यांची अटही मान्य झाली. मदिनेला पोचल्यावर त्यांना ठरलेली किंमत मिळाली, वर थोडी जास्त, आणि उंटही परत मिळाला. लहानपणी मला त्यातला उंट परत मिळाल्याचा आनंद व्हायचा. आता दिसतं ते वेगळंच. भाव आधी नीट ठरवला गेला. घासाघीस टाळली नाही, पण समोरचा नुकताच वडील गमावलेला, कर्जात असलेला तरुण आहे हे खरेदी करणाऱ्यानं नजरेआड केलं नाही.

मी काय केलं? हँडलिंग चार्जेस सोडले नाहीत, कर्ज घेतलं नाही, विमा बाहेरूनच काढला. रोख सूट अडतीस हजारांवर ठरली. मॅनेजर आल्यावर भाच्यानं स्वतःहून एक गोष्ट मागितली, वाढीव वॉरंटी. ती त्याला हवीच होती, घाटात चालणाऱ्या गाडीला ती उपयोगी आहे. बाहेर कुठे स्वस्त मिळते का ते न शोधता त्यानं ती त्या मुलाच्या नावानं तिथेच घेतली. हे दान नव्हतं. गरजेची वस्तू होती, आणि ती विकणारा माणूस समोर बसला होता.

गाडी जानेवारीत लिहिलेल्या किमतीलाच मिळाली. मग २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला. दहा लाखांच्या गाडीवर हा फरक साधारण पंच्याऐंशी हजारांचा होतो. भाच्यानं फोन केला, "मामू, आपण दोन दिवस भांडून अडतीस मिळवले!" आम्ही दोघंही खूप हसलो.

उरलेला प्रश्न असा. आम्ही दोघं शिकलेले, कागद फोडून वाचता येणारे, तीन शोरूम फिरायला वेळ असलेले. आम्हाला घासाघीस करता आली. शेवळं आणि कंटोली विकायला बाजारात बसणाऱ्या बाईशी आपण त्याच जोमानं दहा रुपयांसाठी बोलतो. आणि भट्टीवर हजार विटांमागे काय मिळणार हे शेठ सांगतो, तिथे समोरच्याला बोलायची सोयच नसते. भाव ठरवण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्यानं ती कुठे वापरायची आणि कुठे आवरायची, याचं कोटेशन मात्र कुणी छापून देत नाही.