चौथी भाकरी

"औषधं संपली ना आता? मग दिवसभर पडून काय राहतेस?"

हे वाक्य मी आईला बोललो. द्वितीय वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. पण ते काही कारण नव्हे.

आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया, मग किमोचे ६ डोस, मग रेडिएशन. मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. गावी परतलो तेव्हा तिच्या डोक्यावर पुन्हा केस येऊ लागले होते. येणारे-जाणारे "आता बऱ्या झालात हो!" म्हणत आणि चहा पिऊन जात. मलाही तेच खरे वाटे. आणि ही तीन भाकऱ्या थापून चौथीचे पीठ परातीत तसेच टाकून भिंतीला टेकून बसे. रात्रभर झोपूनही सकाळी दमलेलीच.

माझ्या वाक्यावर ती काही बोलली नाही. उठून ओट्यापाशी गेली. ते मला अजून सोसत नाही.

पुढच्या तपासणीला मीच डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेतले. झोप, दुखणे, मन यांचीही चौकशी केली. म्हणाल्या, हा थकवा उपचारांनंतरही कित्येक महिने, काहींना तर वर्षानुवर्षे राहतो. नुसते पडून राहून जात नाही. रोज थोडे चालवा.

दमलेल्या माणसाला चालवायचे! मला थट्टाच वाटली. पण आधी फाटकापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत, अशी तिची मजल वाढली. ओट्याजवळ उंच स्टूल आले. आंघोळ आणि धुणे एकापाठोपाठ करणे बंद झाले. अंगात बळ केव्हा असते ते ती वहीत लिहू लागली. सकाळी १० ते ११ हा तिचा चांगला तास निघाला.

आम्हाला वाटले, आता स्वयंपाक दहाला होणार. तिने तो तास गावातल्या वाचनालयाला दिला! बाबा कुरकुरले. मनातून मीही कुरकुरलो, खोटे कशाला सांगू?

"दिवसाकाठी एवढंच बळ मिळतं रे," ती म्हणाली, "तेही भांड्यांनाच देऊ?"

आता भाकऱ्या माझ्याकडे आहेत. मित्रहो, खुशाल हसा. काल एक तव्यावर टाकता टाकताच फाटली.

"पाणी जास्त झालं," आई स्टुलावरून म्हणाली. पुस्तकातून मान वर न काढता.