दाई

आमच्या गुढियारीच्या घरात मराठी आता माझ्यापाशीच उरली आहे. मुलगी शेजारपाजारी छत्तीसगढी बोलते आणि मलाही त्याच बोलीत उत्तर देते. परवा मी तिला रागावले.

मग लोर कुटुंब आठवले. १८५७ च्या धामधुमीत रांची सोडावी लागलेले जर्मन मिशनरी ऑस्कर लोर १८६८ मध्ये अमेरिकेहून बायकामुलांसह छत्तीसगढात आले. सतनामी लोकांमध्ये त्यांनी वस्ती केली, नाव ठेवले विश्रामपूर. मुलगा जूलियसने पुढे मार्काचे शुभवर्तमान छत्तीसगढीत आणले. त्याच्या आईला कधी वाटले असेल का, लेकरू हातचे निसटले म्हणून?

इथे आईला दाई म्हणतात. सकाळी मुलीने 'दाई' अशी हाक मारली. मी ओ दिली.