सात आणि आठच्या मध्ये

डाव्या बाजूला सातव्या आणि आठव्या फ्रेमच्या मध्ये तळहात दाबला की प्लेट टक् करून आत जाते. हात काढला की तशीच टक् करून बाहेर येते. जागा जेमतेम जेवणाच्या ताटाएवढी. छत्तीस फुटांच्या बोटीत ताटाएवढ्या जागेचं काय घेऊन बसलात, असं घरचे म्हणतात. मी रोज दोन-चार वेळा तरी तिथे जाऊन हात लावतो.

गेल्या गणपतीपासून माझ्या हातात होल्डर ठरत नाही. अडीचचा रॉड, ७०-७५ अँपिअर, ४ मिलिमीटरची प्लेट. इथे हात केसभर वरखाली झाला तर रॉड चिकटतो, नाहीतर भोक पडतं. मुंबईच्या गोदीत ३१ वर्षं माझे जोड एक्स-रेला पास होत होते. आता शेजारच्या घरातली मुलगी वेल्ड मारते आणि मी तिच्या मागे केबल धरून उभा राहतो.

बोट आमच्या मागच्या आवारात, माडांच्या सावलीत उभी आहे. वाघोटनची खाडी इथून हाकेच्या अंतरावर. दर रविवारी वाडीतली माणसं येतात. मासे मारणारे, आंब्याच्या बागेत राबणारे, एक निवृत्त मास्तर, कॉलेजची दोन-तीन पोरं. कोणी पैसा मागितला नाही. अडीच बाय सव्वा मीटरची एक प्लेट ९८ किलो भरते. चेनपुलीला लावून जागेवर धरायची तर आठ-दहा हात लागतातच. त्या हातांशिवाय माझ्या आवारात आज नुसता पत्र्यांचा ढीग असता.

पोलादच का, असं सगळे विचारतात. बर्नार मुआतेसिए या फ्रेंच खलाशाच्या आधीच्या दोन लाकडी बोटी खडकांवर फुटल्या. मग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने समुद्रापासून कितीतरी आत असलेल्या शोफाय गावात, बॉयलर बांधणाऱ्या एका कारागिराकडून पोलादाची ‘जोशुआ’ बांधून घेतली. १९८२ च्या डिसेंबरात वादळाने तिला मेक्सिकोत काबो सान लुकासच्या वाळूत फेकलं. डोलकाठ्या गेल्या, पण बोट पुन्हा पाण्यात गेली. बॉयलरवाल्याला जमलं ते गोदीतल्या वेल्डरला का जमू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण पोलाद वाकतं. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि प्लेटला ओढून घेतो, हे मी कोणाला नव्याने सांगायला नको. जाड प्लेट ही ओढ सोसते. चारची सोसत नाही. म्हणून बोट-बोटभर मारायचं, उलट्या दिशेने मारायचं, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे जायचं, आणि हात लावून जागा गार झाली का ते पाहूनच परतायचं. घाई केली की महिन्याभराने बोटीच्या अंगावर वैशाखातल्या बैलासारख्या बरगड्या दिसू लागतात. किनाऱ्यावरच्या कितीतरी पोलादी बोटी मी पाहिल्या आहेत. लांबून आरसा, जवळ जाऊन किल्लीने ठोकलं की बद्द आवाज. आत पुट्टी. अर्धा-अर्धा इंच पुट्टी! ज्याला प्लेट सरळ ठेवता येत नाही त्याने फायबरची बोट करावी, पोलादाला हात लावू नये. हे मत मी गोदीत असल्यापासून बोलून दाखवत आलो आहे आणि त्यामुळे दोन मित्र गमावले आहेत.

सात-आठमधला उभा जोड चार वर्षांपूर्वी वाडीतल्याच एका पोराने मारला होता. रिक्षा चालवायचा, हात शांत होता. मी शिकवलं तसंच त्याने तुकड्यातुकड्याने मारलं. जोड पक्का होता, पण दिसायला ओबडधोबड. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला गाठ. मला ते बघवेना. माझ्या बोटीवर असला जोड? रात्री सगळे गेल्यावर ग्राइंडरने मी तो साफ केला आणि वरून माझा मारला. एकापाठोपाठ चार रॉड, खालून वर, न थांबता. मासळीच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ उठली. बॅटरीच्या उजेडात मी ती बराच वेळ पाहत बसलो होतो.

सकाळी प्लेटला फुगवटा होता.

पुढच्या रविवारी दहा माणसांसमोर मी त्या पोराला म्हणालो, “सलग मारू नको म्हणून सांगितलं होतं ना?” तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. आपण कसं मारलं ते त्याला ठाऊक होतं आणि जोडावरची रेघ आपली नाही हेही त्याला दिसत असणार. नंतर दोन रविवार आला, मग यायचा थांबला. पुढे पुण्याला गेला.

तेव्हापासून त्या जागेवर मी काय काय केलं! रुपयाएवढे डाग गॅसने मंद लाल करून वर ओलं बारदान दाबलं. फुगवटा आठ-नऊच्या मध्ये सरकला आणि पावसाळ्यानंतर पुन्हा जागेवर आला. आतून पट्टी मारली तर बाहेर तिची रेघ उमटेल, म्हणून मारली नाही. लाकडी ठोकळा धरून हातोडी मारून पाहिली. पुट्टीचा डबा कोणीतरी आणून ठेवला होता, तो मी परत पाठवला.

मागच्या आठवड्यात ती मुलगी आतल्या बाजूने बॅटरी घेऊन बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काकानू, हय दोनदा मारलेला दिसता.”

“हो.”

“दुसऱ्या वेळी कोणी?”

मी सांगितलं. त्या रविवारचं बोलणंही सांगितलं. तिने खिशातून खडू काढला, त्या जागेभोवती गोल काढला आणि शेजारच्या फ्रेमवर काम करायला वळली.

रात्री मी पुण्याला फोन केला. तो गणपतीला गावी येणार आहे. बाकीच्या बोटीला रंग चढतो आहे; सात-आठच्या मधला पट्टा मात्र नुसत्या प्रायमरवर ठेवायचा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.