हजेरीपट

विधान परिषदेच्या सभापतीची खुर्ची ही आपल्या लोकशाहीतील बहुधा सर्वांत अबोल खुर्ची असावी. तीवर बसणाऱ्या गृहस्थाने इतरांची भाषणे ऐकावीत, वेळ झाली की घंटा वाजवावी, आणि मते समसमान पडली तरच आपले मत द्यावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्याच्या हाताखाली खाते नाही, तिजोरीची किल्ली नाही, बदल्या-बढत्यांसाठी सकाळपासून ओसरीवर ताटकळणारी माणसे नाहीत. अशा खुर्चीवर १९६० पासून १९७८ पर्यंत वि. स. पागे बसले, आणि ज्या योजनेने या राज्यातील लक्षावधी भूमिहीनांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्या रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना कोण्या दौलतमंद खात्याच्या मंत्र्याला नव्हे, तर घंटा वाजवणाऱ्या या सभापतींना सुचली, याचे मला आजही नवल वाटते. सत्तेच्या अगदी शेजारी बसूनही जिला सत्तेचा स्पर्श नाही अशा जागी विचाराला निवांतपणा मिळत असावा. किंवा असेही असेल, की ज्याला स्वतःला काही वाटता येत नाही त्यालाच, वाटपाची गरज उरणार नाही अशी व्यवस्था सुचते.

कल्पना ऐकायला साधी होती. अंगमेहनतीची तयारी असलेल्या खेड्यातील कोणाही प्रौढ माणसाने काम मागितले, तर सरकारने ते दिले पाहिजे; मुदतीत देता आले नाही, तर भत्ता दिला पाहिजे. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. पुढे दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा तेही जवळपास याच निष्कर्षाला आले. पण विद्वानांच्या ग्रंथापेक्षा मोठा युक्तिवाद दुसऱ्याच वर्षी आभाळाने केला.

बहात्तरच्या दुष्काळात, नुकताच मॅट्रिक झालेला मी, माणदेशातील एका रस्त्याच्या कामावर हजेरी लिहिणारा हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. त्या कामावर पाहिलेली पुष्कळ दृश्ये आता पुसट झाली आहेत. ठळक उरला आहे तो हजेरीपट. लांबरुंद कागदावर आडव्या-उभ्या रेघा, डावीकडे नावे, उजवीकडे अंगठे. खडी फोडून तिचे ढीग रचायचे, ब्रासने मोजायचे, आणि मोजमापाप्रमाणे आठवड्याचा पगार वाटायचा. बाभळीला झोळी बांधून तीत तान्हे पोर निजवलेल्या बाया हातोडीखाली दगड धरत. दुपारी सुकडी मिळे, घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी असे, तिला चव नव्हती पण नावे ठेवायला कोणाला फुरसतही नव्हती. ज्या बाईचे नाव आजवर शिधापत्रिकेवर नवऱ्याच्या नावाखाली बसत आले, तिचे नाव त्या कागदावर स्वतंत्र ओळीत लिहिले जाई, आणि फोडलेल्या खडीचा दर बाईला एक आणि पुरुषाला एक असा नव्हता. शेतावर तिला पुरुषाच्या निम्म्या मजुरीवर राबवून घेणाऱ्या बागायतदारांना ही गोष्ट फार लागे. आमच्या मुकादमालाही ती रुचत नसे. परंतु ब्रासच्या मापापुढे त्याचा इलाज चालत नव्हता.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर ४९ लाखांच्या घरात माणसे होती. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. म्हणजे दहांतला एक माणूस उन्हात बसून दगड फोडीत होता. त्यांतले बरेचसे रस्ते कोठेही गेले नाहीत आणि खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे गवत अंगावर घेऊन पडून राहिले. हजेरीपटावर मेलेली माणसेही अंगठे उठवीत, हेही लपवण्यात अर्थ नाही. कागद जितका लांब तितकी त्यावर खोट्या नावांना जागा अधिक. तरीही त्या उन्हाळ्यात गावेच्या गावे भुकेने ओस पडली नाहीत, आणि नालाबंडिंगची व पाझर तलावांची जी कामे नीट झाली, त्यांच्याखालच्या विहिरींना पुढे पाणी टिकले.

दुष्काळ सरला की मदतही सरते, हा इंग्रजी अमदानीपासूनचा रिवाज होता. दुष्काळी कायद्याचे पुस्तक सरकारदरबारी असे, पण रयतेला त्याचा गंधही नसे. ती मामलेदारापुढे पदर पसरी. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी केसरीतून त्या पुस्तकातील कलमे मराठीत उलगडून सांगितली, पिके बुडाली असतील तर सारा भरण्याची सक्ती नाही हे कुळांना समजावले, सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव पाठवली. सरकार इतके रुष्ट झाले की पुढच्याच वर्षी त्या सभेची मान्यता काढून घेण्यात आली. उपाशी माणसाने भीक मागितलेली सरकारांना चालते. त्याने कलम दाखवले की ती बिथरतात. म्हणूनच १९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, ही घटना मला एखाद्या सत्तांतराहून मोठी वाटते. सरकारने स्वतःविरुद्धचे कलम स्वतःच्या हाताने लिहून मजुराच्या स्वाधीन केले. २००५ मध्ये दिल्लीने देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हा कित्ता होता.

हल्ली योजनेआधी तिचा फलक उभा राहतो, आणि फलकावर हात जोडलेली, सुहास्य छायाचित्रे ओळीने असतात. पैसा जनतेचा, आभार मात्र छायाचित्राचे. हजेरीही आता भ्रमणध्वनीवर फोटो काढून लागते, आणि डोंगरात जाळे मिळाले नाही की दिवसभर राबलेला माणूस यंत्राच्या लेखी गैरहजर ठरतो. माझ्या काळचा मुकादम लबाड होता खरा, पण निदान त्याच्याशी भांडता येत असे.

पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा पगाराचा कागद पुढे करून विचारले, "मामा, हा व्यवसाय कर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असं का?" वर्षाला अडीच हजारांहून अधिक घ्यायचा नाही असे बंधन राज्यघटनेतच आहे, म्हणून फेब्रुवारीत बेरीज पुरी करतात, असे मी सांगितले; आणि हा कर १९७५ मध्ये मुळात बसवला तो शहरातल्या पगारदाराकडून घेऊन खेड्यातल्या मजुराला काम देण्यासाठी, तेवढीच भर सरकारनेही घालावी अशी तजवीज होती, हेही सांगितले. तो थोडा वेळ त्या दोनशेच्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या पैशातून कुठल्या गावात विहीर झाली असेल, तर ते कळेल कुठे?" प्रश्न रास्त होता. तालुक्याच्या कचेरीत अर्ज करून पाहा, आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून उठू नकोस, असे मी त्याला बजावले.