डब्यातली आई आणि गाडीतले तिघे

जर्मनीत बहुतेक राज्यांत माणूस गेल्यावर त्याच्या रक्षेवर घरच्यांची मर्जी चालत नाही. दहन झालं की कलश स्मशानभूमीत पुरायचा, फार तर रीतसर परवानगी काढून समुद्रात सोडायचा किंवा नेमून दिलेल्या वनात पुरायचा. घरी कपाटावर ठेवायची सोय सहसा नाही, मग पिशवीत घालून हिंडवणं तर दूरच. ब्रेमेनसारख्या राज्याने २०१५ मध्ये हा नियम थोडा सैल केला, तेव्हा त्यावर भरपूर वाद झाला. आपल्याकडे आईच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर निघालेल्या मुलाला एसटीत कुणीही सरकून जागा देईल. तिकडे तोच मुलगा कायद्याच्या बाहेर गेलेला असतो.

‘विन्सेंट विल मेअर’ या २०१० सालच्या जर्मन चित्रपटातला विन्सेंट नेमकं हेच करतो. आईला शेवटचा एकदा इटलीतला समुद्र पाहायचा होता, ते राहून गेलं. म्हणून तिची रक्षा गोळ्यांच्या डब्यात भरून तो निघतो. डबा साधा, पत्र्याचा. सिनेमाभर तो कुणाच्या ना कुणाच्या हाताशी असतो आणि पाहणाऱ्याचं अर्धं लक्ष त्याच्या झाकणाकडे लागलेलं असतं.

विन्सेंटला टुरेटचा विकार आहे. मान झटक्याने वळते, तोंडातून नको ते शब्द सुटतात, आणि ताण वाढला की हे सगळं वाढतं. आईच्या अंत्यविधीला चर्च चिडीचूप असताना हा मुलगा स्वतःचं शरीर आवरायला धडपडतो, तिथूनच गोष्ट सुरू होते. वडील राजकारणात आहेत. असा मुलगा त्यांना अडचणीचा वाटतो, म्हणून ते त्याला उपचारकेंद्रात ठेवून मोकळे होतात. तिथे खोलीत सोबतीला अलेक्झांडर, ज्याला स्वच्छता आणि टापटीप यांच्या सक्तीने पछाडलंय. तिथेच मारी भेटते. अन्नाचा घास तिच्या घशाखाली उतरत नाही. मारी आणि विन्सेंट केंद्रातल्या डॉक्टरबाईंची गाडी पळवतात, आणि चहाडी करायला निघालेल्या अलेक्झांडरलाही गाडीत कोंबतात.

एवढ्या भांडवलावर स्वस्त विनोदाचा बाजार मांडता आला असता. एक शिव्या देणारा, एक न जेवणारी, एक पुसत बसणारा. पण पटकथा लिहिणारा फ्लोरियान डाविड फिट्झ स्वतःच विन्सेंटच्या भूमिकेत आहे आणि तो व्यंगावर हसवत नाही. हसू येतं ते तिघांच्या अडचणी एकमेकींत अडकतात तेव्हा. बंद गाडीत एकाला ओरडल्यावाचून राहवत नाही आणि शेजारच्याला नेमकी शांतता व व्यवस्था हवी असते. उतरून जायलाही जागा नाही, कारण बाहेर आल्प्सचा घाट आहे. राल्फ ह्युटनर यांचं दिग्दर्शन हा कोंडवाडा आणि बाहेरची अफाट दरी आलटूनपालटून दाखवत राहतं. योहानेस आल्मायरचा अलेक्झांडर तर खास पाहावा. भेदरलेला हा माणूस प्रत्येक वळणावर थोडा जास्त धीट होतो आणि तरी तसाच भेदरलेला राहतो.

एक गोष्ट मात्र खटकते. टुरेट असलेल्यांपैकी अश्लील शब्द अनावरपणे बोलणारे साधारण दहा-पंधरा टक्केच असतात. बाकीच्यांचे झटके डोळे मिचकावणं, खांदे उडवणं, घसा खाकरणं असे असतात. पडद्याला मात्र प्रत्येक वेळी शिव्याच हव्या असतात.

मागून दुसरी गाडी येते. तिच्यात वडील आणि ती डॉक्टर, म्हणजे पडद्यावर हाइनो फेर्श आणि काथारिना म्युलर-एल्माऊ. ही जोडीही तितकीच विजोड. मुलाला धरून आणायला निघालेल्या बापाला वाटेत स्वतःचा राग दिसू लागतो. आजारी ठरवलेले पुढच्या गाडीत, शहाणे ठरवलेले मागच्या, आणि रस्ता एकच. चित्रपटाचं खरं बळ या मांडणीत आहे.

जर्मन माणसाला दक्षिणेची ओढ जुनी. कवी ग्योटे १७८६ मध्ये इटलीला निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हातात चार पैसे आल्यावर कितीतरी जर्मन कुटुंबं लहानशा फोक्सवागनमध्ये सामान भरून ब्रेनर खिंड ओलांडू लागली. ‘नॉकिन ऑन हेवन्स डोर’ या १९९७ च्या चित्रपटातही रुग्णालयात भेटलेले दोन अनोळखी मरणासन्न रुग्ण समुद्र पाहायला चोरीच्या मर्सिडीजमधून निघतात, पण तिथे समुद्र म्हणजे शेवट. विन्सेंटच्या गोष्टीत समुद्र गाठल्यावर खरी अडचण उभी राहते.

मारीचं शरीर हार मानतं. इटलीतल्या ट्रीएस्टच्या रुग्णालयात तिला बांधून, नळीने अन्न द्यावं लागतं. प्रवासाने ती बरी होत नाही, आणि इथे सिनेमा कसलीही सवलत घेत नाही. आल्प्सची हवा, मैत्री, प्रेम यांनी दुखणं पळालं असं दाखवणं सोपं होतं आणि प्रेक्षकांनी ते आनंदाने मानलंही असतं. इथे विन्सेंट परतीच्या वाटेवर वडिलांच्या गाडीतून उतरतो, कारण मारी मागे राहिली आहे. त्याच्यामागून अलेक्झांडरही उतरतो. मान अजून झटके देतेच, हात अजून स्वच्छता शोधतातच.

२०११ मध्ये या चित्रपटाला जर्मन चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम चित्रपटाचा सुवर्ण पुरस्कार आणि फिट्झला अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढे २०१४ मध्ये ‘द रोड विदिन’ ही अमेरिकन आवृत्ती निघाली, तिच्यात अलेक्झांडरच्या जागी आपल्याला ‘स्लमडॉग मिलियनेअर’पासून ओळखीचा असलेला देव पटेल आहे. दोन्ही मिळत असतील तर आधी जर्मन पाहावा, आणि अलेक्झांडर गाडीतून उतरतो ते दृश्य घाई न करता पाहावं. त्याला समुद्राचं काही पडलेलं नव्हतं, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. तरी तो उतरतो.