फऱ्याचा तुघलक

छाती काढून चालणं कारकुनाच्या नेमणूकपत्रात बसत नाही. बँकेतली जाडजूड लेजरं गेली, संगणक आले. पोक मात्र बदलून गेलं नाही. वर्षानुवर्षं पुढे वाकून बसलं की खांदेही पुढे येतात. मग हात वर करायची वेळ आली की पंचाईत!

दौलताबादच्या किल्ल्यात धाकटीनं विचारलं, "बाबा, चाँदमिनारच्या त्या वरच्या सज्जात कोण राहायचं?" दाखवायला हात उचलला, तो खांद्याशीच अडला. सौ. म्हणाली, "अहो, मिनार वर आहे. तुम्ही सीताफळवाला दाखवताय."

आमच्या फिजिओथेरपिस्टताईंनी बोट ठेवलं ते माझ्या छातीवर. तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून निघून फऱ्याच्या पुढच्या टोकाला जाणारा एक लहानसा स्नायू असतो. फरा म्हणजे पाठीवरचं ते तिकोनी हाड. पुस्तकात त्याला अंसफलक म्हणतात. स्नायू आखडला की फरा पुढे झुकतो. हात कानाशी न्यायचा तर १८० अंशांपैकी साधारण ६० अंश फऱ्यानं फिरायचं असतं, शिवाय मागे कलायचं असतं. पुढून लगाम खेचलेला; बिचारा कलणार कसा?

थोडक्यात, कारभार तुघलकी. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथे हलवली. माझ्या छातीतल्या चिमुकल्या सुलतानानंही पाठीमागची प्रजा अशीच पुढे आणून बसवली होती.

उपाय सोपा. कोपर खांद्याइतकं उंच धरून हात चौकटीला टेकवायचा, एक पाय पुढे टाकायचा, छाती ताणेपर्यंत हळूच झुकायचं आणि तीस आकडे मोजायचे. दुखलं तर थांबायचं. पुढच्या खेपेला मी हा प्रयोग महाकोटाच्या दरवाज्यातच केला. दरवाजा हत्तींच्या मापाचा, दोन्ही हात पुरेनात. म्हणून एकेका हातानं. पहारेकरी म्हणाला, "काका, एवढे वेढे पडले तरी हलला नाही, तुमच्यानं काय हलतोय!"

ताईंनी मात्र आधीच बजावलं होतं: ताणल्यानं स्नायू सैल होतो, पण तेवढ्यानं फऱ्याची चाल सुधारतेच असं नाही. पाठीच्या स्नायूंनी त्याला मागे ओढायला शिकावं लागतं. दावं सोडलं म्हणून बैल आपण होऊन गोठ्यात येत नाही.

तुघलकाच्या प्रजेचंही तेच झालं असणार. फर्मान मागे घ्यायला एक सही पुरते. परत पायीच जावं लागतं. सध्या माझा डावा फरा दिल्लीला पोचलाय. उजवा अजून नर्मदेच्या अलीकडेच आहे.