खुर्ची घ्यावी बसून पाहून



"दिवसभर खुर्चीत तर बसलेली असते, मग तिची कंबर कशानं दुखते?" हा प्रश्न मी अलीकडे कितीतरी घरांत ऐकला. विचारणारे बहुधा सासू-सासरे असतात आणि त्यांच्या मनात वाईट काही नसते. ज्यांनी जन्मभर वाकून खुरपले, डोक्यावरून ओझी वाहिली, त्यांना बसणे म्हणजे विसावाच वाटणार. पण आता आपल्या गावातही बसून करायचे काम आले आहे. दूध संकलन केंद्रावर, पतसंस्थेत, सेवा केंद्रात कुणाचा मुलगा, कुणाची सून आठ-आठ तास संगणकापुढे असते. ती मेहनतच आहे, एवढे आधी घरात मान्य व्हावे. मग खुर्चीचे बोलू.

स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा पाठ न टेकता बसण्यात तो जास्त भरला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतली मोजणी प्रसिद्ध झाली, तिच्यात हा फरक तेवढा दिसला नाही. पण पुढे वाकून बसले की दाब वाढतो आणि मागे नीट टेकले की उतरतो, हे दोन्हीकडे सारखेच निघाले. संगणकावर काम करणारा माणूस हळूहळू पुढेच वाकत जातो, हे तुम्ही पाहिले असेल.

बैलाच्या मानेला जू बसते की नाही, हे पाहिल्याशिवाय आपण ते घेत नाही. खुरप्याची मूठ हातात धरून पाहतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर १९७५ साली शेतमजुरांच्या आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली, कारण तिच्यापायी वाकून वाकून मजुरांच्या पाठी कामातून जात होत्या. खुर्ची हेही असेच एक अवजार आहे. ते मात्र आपण लग्नातल्या खुर्च्यांसारखे, सगळ्यांना एकच, असे आणतो.

माझ्या धाकट्या भावाची सून गावात सेवा केंद्र चालवते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला (ती सवलत २०२५ मध्ये बंद झाली), तेव्हा तिच्या दारात सकाळपासून रांग लागे. दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत ती अर्ज भरत बसे. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची. पोरगी उंचीने पाच फूट आणि टेबल उंच, म्हणून खाली उशी घेतलेली. उशीमुळे पाय अधांतरी. दिवाळीपर्यंत अशी गत झाली की सकाळी उठताना भिंत धरावी लागे. केंद्र बंद करायची भाषा घरात सुरू झाली. दोन्ही लेकरांची फी त्या केंद्रावर निघत होती, ती कुठून आणायची, याचा विचार कुणी केला नव्हता.

आधी तिला डॉक्टरांकडे नेले. दुखणे स्नायूंचे आहे, बसणे सुधारा, म्हणाले. हा क्रम तुम्हीही पाळा. पायात मुंग्या येऊन जोर कमी वाटला, पडल्यानंतर दुखू लागले, ताप असला, तर खुर्चीच्या नादी लागू नका, डॉक्टर गाठा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर तासाचाही उशीर नको.

मग आम्ही तालुक्याला गेलो. दुकानदाराने उंच पाठीची, गुबगुबीत रेक्झिनची साहेबी खुर्ची पुढे केली. ती बसली. पाठ टेकावी तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुते, कड सोडावी तर पाठ टेकेना. खुर्ची महाग असली तरी तिच्या मापाची नव्हती. मी म्हटले, "घाई नको, प्रत्येकीत दहा मिनिटं बस." दुकानदाराने तोंड वाकडे केले, करू द्या.

तुम्ही बसून पाहाल तेव्हा पाठ पूर्ण टेकवा आणि गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा राहते का पाहा. आपल्या कण्याला कमरेशी आत बाक असतो. खुर्चीच्या पाठीचा फुगवटा नेमका तिथे, म्हणजे पट्टा बांधतो त्या जागी, लागला पाहिजे. तो वर लागला तर उलट ढकलतो. बैठक वर-खाली होणारी हवी आणि पाठ थोडी मागे कलणारी हवी. हात टेकायच्या दांड्या टेबलाला अडत असतील तर खुर्ची पुढे सरकत नाही आणि माणूस वाकतो, म्हणून टेबलाचे माप लिहून न्या. चाके असतील तर पायाला पाच फाटे असलेलीच घ्या, चार फाट्यांची कलंडू शकते. सारवलेल्या जमिनीवर मात्र चाकांचा उपयोग नाही, ती मातीत रुततात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेक्झिनपेक्षा जाळीची पाठ बरी, घाम धरत नाही.

आम्ही मध्यम किमतीची, लहान बैठकीची जाळीची खुर्ची घेतली. घरी आणून कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी उंच केली आणि पायाखाली देवघरातला जुना पाट दिला. पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर आणली. एवढा खर्च आता जमत नसेल तर आहे त्या खुर्चीला कमरेशी टॉवेलची गुंडाळी लावा आणि पायाखाली दोन विटा ठेवा. पुष्कळ फरक पडतो.

कितीही चांगली खुर्ची असली तरी अर्ध्या तासाने उठायचेच. तिने प्रिंटर मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, म्हणजे प्रत्येक अर्जाला उठणे आले. ही युक्ती तिची, माझी नव्हे.

दुखणे पार गेले असे नाही. गर्दीच्या दिवसांत अजून जाणवते. पण भिंत धरावी लागत नाही आणि केंद्र चालू आहे. सध्या तिची तक्रार वेगळीच आहे. "आण्णा, मामंजींना सांगा ना, रात्री खुर्चीत बसतात आणि उंची बदलून ठेवतात." मी भावाला सांगितले. तो म्हणाला, "बरी आहे रे, कंबर धरते."